कातड्याला कातड्याचाच सरस

शाळेची सहल आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आली, की काचेच्या कपाटासमोर एक तरी मूल विचारतंच, "मॅडम, यात पेंढा भरलाय ना?" मराठीत या कामाला शब्दच तो आहे. पेंढा भरलेला वाघ, पेंढा भरलेलं हरीण. मी दरवेळी सांगते, बाळांनो, कातड्याच्या पिशवीत काहीतरी कोंबलं की प्राणी होत नाही, लोड होतो. आधी त्या प्राण्याचं अंग घडवावं लागतं. मान, बरगड्या, मांडीचे स्नायू, गालाचं हाड, सगळं. मग त्यावर कातडं अंगरख्यासारखं चढवायचं आणि चिकटवायचं. मुलं माना डोलावतात आणि सापांच्या बरण्यांकडे पळतात. मी मात्र त्या शेवटच्या शब्दापाशी उभी राहते. चिकटवायचं. कशानं, किती, कुठे, आणि मुख्य म्हणजे किती काळासाठी, यातच माझी सव्वीस वर्षं गेली.

मी सुताराची मुलगी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी घराची पडवी हाच अण्णांचा कारखाना. पडवीच्या एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल आणि तिच्यावर सरसाचा डबा. बाजारातून सरसाच्या तपकिरी वड्या यायच्या, उजेडात धरल्या तर गुळाच्या पाकासारख्या आरपार दिसणाऱ्या. अण्णा त्या रात्री पाण्यात भिजत घालायचे. सकाळी वड्या फुगून खरवसासारख्या थुलथुलीत झालेल्या असायच्या. मग डबा पातेल्यातल्या पाण्यात ठेवून पातेलं चुलीवर. डबा थेट आचेवर कधीच नाही. "उकळी आली की सरस मेला," असं ते म्हणायचे. माझं काम पातेल्यातलं पाणी आटू न देण्याचं. वास असा यायचा की आई पडवीचं दार लावून घ्यायची.

सरस कशाचा करतात हे मला खूप उशिरा कळलं. अण्णा देव्हारा करत तेव्हा चूल पेटवत नसत. नुसत्या खाचा आणि लाकडी खुंट्यांवर अख्खा देव्हारा उभा राहायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जनावराच्या कातड्याचा आणि हाडांचा काढा आहे तो. पाट-पेटीला चालतो, देवाला नको." मी दहा-अकरा वर्षांची असेन. पुढे कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकताना त्याच डब्याचं उत्तर फळ्यावर सापडलं. कातड्यात कोलाजेन नावाचं प्रथिन असतं. त्याचे रेणू तिपेडी वेणीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात. गरम पाण्यात बराच काळ ठेवलं की वेणी उकलते आणि त्याचं जिलेटिन होतं. थंड झाल्यावर हे सुटे पेड पुन्हा एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी बनते, पाणी उडून गेलं की ती जाळी लाकडाला धरून बसते. जास्त उकळलं तर पेडांचेच तुकडे पडतात आणि धरायला काही उरत नाही. अण्णांचं "मेला" इतकं नेमकं होतं.

१९५९ मध्ये मुंबईत फेविकॉल आला आणि पुढे हळूहळू गावोगावच्या सुतारांच्या चुली विझल्या. अण्णांनी तो आनंदानं घेतला. चूल नको, वास नको, हिवाळ्यात फळी शेकायला नको. तरी सरसाचा डबा त्यांनी टाकला नाही. कुणाची जुनी पेटी, जुनं कपाट दुरुस्तीला आलं की तो फडताळातून खाली यायचा. "पुन्हा उघडायचं असेल तर सरस. कधीच उघडायचं नसेल तर हा पांढरा." व्हायोलिन दुरुस्त करणारे जगभर हेच करतात. व्हायोलिनची वरची फळी आजही सरसानंच बसवली जाते, कारण आतलं काही बिघडलं तर ती न फोडता उचलता यायला हवी.

कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा विभागाचं संग्रहालय मामा सांभाळत. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. शिक्षण चौथीपर्यंत, पण पक्ष्याचं कातडं पिसाला धक्का न लावता उतरवावं तर त्यांनीच. त्यांचा चिकटवण्याचा पदार्थ म्हणजे खळ. मैदा, पाणी, थोडी तुरटी, किडीसाठी मोरचूद आणि बुरशी येऊ नये म्हणून कार्बोलिकचे थेंब. मोरचुदाची खळ बुकबाइंडरही वापरत, त्यामुळे जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांना कसर लागत नसे. मामांच्या खळीचं माप त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर "कढीच्या पलीकडे, पिठल्याच्या अलीकडे." गार झाल्याशिवाय ती कातड्याला लावायची नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टेकवून बघायचे, बाळाचं दूध बघतात तसं.

मला ते तेव्हा नुसतं जपणं वाटलं. पण कच्च्या कातड्यातला कोलाजेन साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला एकदम आखडतो, तव्यावर टाकलेल्या प्लॅस्टिकसारखा. तुरटीनं कमावलेलं कातडं थोडं जास्त सोसतं, क्रोमनं कमावलेलं उकळतं पाणीही सोसतं. सरस मात्र वापरायचा तो त्याच ६० अंशांच्या आसपास. म्हणजे अण्णांच्या डब्यातला तापता सरस मी उत्साहानं ओल्या कातड्यावर ओतला असता, तर त्यांच्या हातातली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या हातात सगळ्यात वाईट ठरली असती. मामांनी मनगटावर टेकवलेला थेंब त्यासाठी होता.

आता बोकडाचं सांगते, कारण या कामात मला जे समजलं त्यातलं अर्धं मला त्या बोकडानं शिकवलं.

मामा निवृत्त झाल्यानंतरचं पहिलं मोठं काम. विभागाला शिकवण्यासाठी एक पाळीव सस्तन प्राणी हवा होता. जंगली प्राण्याचं कातडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय हातात धरता येत नाही आणि ते योग्यच आहे. आमच्या शिपायाच्या घरचा उस्मानाबादी बोकड म्हातारपणानं गेला. काळाभोर, लांब कानांचा. शिपायानं स्वतःहून विचारलं, "मॅडम, पुरण्यापेक्षा तुमच्याकडे उभा राहील का?" घरात त्या बोकडाला राजा म्हणायचे. जबाबदारी किती मोठी आहे हे मला त्या नावानं जाणवलं.

कातडं मी चांगलं कमावलं. मीठ, मग तुरटी-मिठाचं पाणी, मग आतून पातळ करणं. ओठ, पापण्या, नाकपुड्या आतून उकलल्या. कानाचं कातडं मोज्यासारखं उलटं करून आतली कूर्चा काढली आणि जागी पातळ फायबरचा आकार बसवला. अंगासाठी थर्माकोलचे ठोकळे कोरले, त्यावर कागदाचा लगदा चढवला. लगदा वाळल्यावर ओल लागू नये म्हणून लाखेचं पॉलिश दिलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग माझ्यातली सुताराची मुलगी जागी झाली आणि मी ते अंग बारीक पॉलिश पेपरनं घासून घासून आरशासारखं गुळगुळीत केलं. लाकडाला लाकूड जोडताना दोन्ही पृष्ठभाग जितके एकमेकांना घट्ट भिडतील तितका सांधा पक्का. अण्णांकडे हेच शिकले होते. चिकट पदार्थही मी मामांची खळ सोडून सुतारकामाचा पांढरा घेतला, मनात हिशोब साधा, की जास्त जोराचा तो जास्त चांगला. आणि थर जाड दिला. मे महिना होता. लवकर वाळावं म्हणून वर पंखा लावून ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी राजा अगदी जिवंत दिसत होता. कपाळावर हात ठेवला, ठीक. पाठीवर ठेवला, ठीक. मान जिथे खांद्याला मिळते तिथे, त्या खोलगट भागात, बोटाच्या पेरानं सहज टकटक केलं.

ढप.

तसाच आवाज पुढच्या दोन्ही पायांच्या बगलेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, जिथे बोकडाच्या चेहऱ्यावर ती बारीक खोल रेघ असते, तिथलं कातडं उचललं गेलं होतं आणि त्याच्या नजरेत एक ताठर आश्चर्य आलं होतं. डाव्या कानाची कड वाळून आत वळली होती. कातडं अंगावर होतं, पण अंगाचं राहिलं नव्हतं.

याला इंग्रजीत ड्रमिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. मी माझ्यापुरतं त्याला ढोल धरणं म्हणते. ओल्या कातड्यातलं पाणी जसं जातं तसं ते आखडतं. फुगीर भागावर, म्हणजे पाठीवर, कपाळावर, मांडीवर, ते आखडताना अंगाला आणखी आवळून बसतं, तिथे चिकट पदार्थाचं काम जवळजवळ नसतंच. खोलगट भागावर उलटं होतं. आखडणारं कातडं वळणानं खाली उतरून पुन्हा वर चढायला तयार नसतं, ते दोन उंचवट्यांच्या मधून सरळ रेघेनं जायला बघतं. ढोलकीवाल्याला नेमकं हेच हवं असतं, पोकळीवर ताणून बसलेलं कातडं. मला तेच नको असतं. म्हणून चिकट पदार्थाची खरी परीक्षा अंगावरच्या त्या आठ-दहा खळग्यांत असते. डोळ्याचा आतला कोपरा, नाकपुडीच्या मागची खाच, ओठाची कड, कानाचं मूळ, गळ्याची खोबण, बगला, जांघा. बाकी सगळं अंग माफ करतं.

राजाच्या बाबतीत मी तिथेच तिन्ही चुका केल्या होत्या. गुळगुळीत अंगाला पकड नव्हती. लाखेचं पॉलिश ओल आत घेत नाही, त्यामुळे पांढऱ्या पदार्थातलं सगळं पाणी कातड्यातूनच बाहेर जायला हवं होतं, आणि जाड थरामुळे ते जाईना. वरून पंख्यानं कातड्याची केसांकडची बाजू आधी वाळवली. वर कातडं आखडून ओढतंय आणि खाली चिकट पदार्थ अजून ओलाच. कुणाला धरणार तो?

सोडवायला गेले तर आणखी वाईट झालं. हा पांढरा पदार्थ वाळला की पाण्यानं फुगतो, दुधाळ होतो, पण धड सुटत नाही. ओल्या कापसाच्या घड्या रात्रभर ठेवल्या, सकाळी हळूच उचलायला गेले आणि बगलेतलं कातडं चार बोटं फाटलं. मी तिथेच स्टुलावर बसले. शिपाई दारात उभा होता. तो काही बोलला नाही, आत येऊन पंखा तेवढा बंद केला.

त्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चढवताना किती वेळ सरकत होतं कातडं?" मला उत्तर सुचेना. पांढरा पदार्थ मे महिन्याच्या उकाड्यात वीस-पंचवीस मिनिटांत धरायला लागला होता, आणि डोळे नीट बसवता बसवता तो धरून मोकळा झाला होता. "पोरी, पहिले दोन-तीन तास त्यानं तुला सरकू द्यायला पाहिजे. मग धरायला पाहिजे. लगेच धरणारा आपल्या कामाचा नाही."

मी पुढे या विषयावर जितकं वाचलं, ते सगळं मामांच्या या वाक्यात होतं. परदेशात कातडं चढवण्यासाठी तयार मिळतात ते पदार्थ बहुतेक डेक्सट्रिनचे. डेक्सट्रिन म्हणजे स्टार्च भाजून त्याच्या लांब साखळ्या तोडलेली पूड. पाकिटाच्या कडेला जिभेनं ओलं करायचा जो डिंक असायचा, तो याच घराण्यातला. त्याचा मोठेपणा त्याच्या आळसात आहे. कातडं कितीतरी वेळ त्यावर सरकतं, पापणी अर्धा मिलिमीटर वर, ओठाची कड थोडी आत, असं करत बसता येतं, आणि मग पाणी जसं जातं तसा तो शांतपणे पकड घेतो. लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, मिसळलेले असतात, ते वाळल्यावरही थोडे लवचिक राहतात. दोन नळ्यांचे इपॉक्सी असतात, ते दगडासारखे धरतात, काच आणि दात बसवायला उत्तम. आणि थेंबानं चिकटणारा सुपरग्लू, जो हवेतल्या नुसत्या दमटपणानं घट्ट होतो. तो मी फक्त टाक्याच्या टोकाला किंवा चिरलेल्या नखाला वापरते. मोठ्या कातड्याला तो लावणं म्हणजे मामांच्या वाक्याच्या बरोबर उलट वागणं.

पण पदार्थ निवडणं हे निम्मंच. लावणं ही निराळी विद्या. आता मी अंग मुद्दाम खरबरीत करते, जाड कानशीनं, खळग्यांत तर दातेरी पात्यानं आडव्या-उभ्या रेघा ओढून. फोमचं तयार अंग असलं तर साचा सुटावा म्हणून त्यावर लावलेला मेणकट थर आधी घासून काढते, नाहीतर कितीही चांगला पदार्थ त्या मेणावरच बसून राहतो. कातडं टॉवेलमध्ये दाबून टिपते. निथळतं कातडं चिकट पदार्थ पातळ करतं, कोरडं पडलेलं त्यातलं पाणी पिऊन टाकतं. आतल्या बाजूला चरबीचा अंश राहिला असेल तर कातडं पुन्हा धुते, कारण तेलावर खळ बसत नाही हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मग पातळ थर, सगळीकडे, एकही कोरडा ठिपका न सोडता. चेहऱ्यावर ब्रश नाही, बोटंच. बोटाला जे कळतं ते ब्रशच्या केसाला कळत नाही. कातडं बसवल्यावर मधून कडेकडे दाबत न्यायचं, हवा आणि जास्तीचा पदार्थ टाक्याकडे हाकलायचा, पुरणपोळी लाटताना पुरण कडेपर्यंत नेतात तसं. केसांवर आलेला चिकटा ओल्या स्पंजनं लगेच पुसून केस विंचरायचे, वाळल्यावर तो निघत नाही. मग प्रत्येक खळग्यात टाचण्या, डोकी वर ठेवून. कानाला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि कडेवर ओली चिंधी, कारण कान सगळ्यात आधी वाळतो. आणि खोली बंद, पंखा बंद. दोन ते तीन आठवडे रोज सकाळी येऊन टकटक करायची. पहिल्या चार दिवसांत ढोल धरू लागलेला खळगा बोटानं दाबून परत बसवता येतो. पाचव्या दिवशी नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो कार्ल एकली, ज्याचं काम मी फक्त फोटोंत बघितलं आहे. हा अमेरिकन माणूस आधी मिलवॉकीच्या, मग शिकागोच्या आणि शेवटी न्यूयॉर्कच्या संग्रहालयात काम करायचा. त्याच्या आधी बहुतेक प्राण्यांत खरोखरच पेंढा कोंबत. यानं प्राणी आधी मातीत घडवला, शिल्पकार घडवतो तसा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढला आणि साच्यात कागदाच्या लगद्याचं आणि तारेच्या जाळीचं हलकं अंग ओतलं. अडचण अशी, की ते अंग साच्यातून न मोडता बाहेर कसं काढायचं? त्यानं साच्याच्या आतून आधी मलमल बसवली, सरसानं. मलमलीवर लगदा, लगद्याला लाखेचं पॉलिश. सगळं वाळल्यावर अख्खा साचा पाण्यात. लाखेमुळे लगद्याला पाणी शिवलं नाही, पण मलमल आणि प्लास्टर यांच्यामधला सरस विरघळला, आणि अंग अलगद सुटून हातात आलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून अण्णांना फोन केला. जिथे धरायचं तिथे धरणारा आणि सोडायचं तिथे सोडणारा सरस या माणसानं एकाच वस्तूत वापरला होता. एकली १९२६ मध्ये काँगोत, गोरिलांच्या डोंगरात वारला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातलं त्याच्या नावाचं आफ्रिकी दालन १९३६ मध्ये उघडलं आणि त्यातले हत्ती अजून उभे आहेत.

आपल्याकडे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीनं १९०० च्या सुमारास सुरुवात करून संस्थानिकांसाठी हजारो वाघ-बिबटे केले. ठरावीक मापांचे साचे, त्यातून कागदाच्या लगद्याची अंगं. १९९९ मध्ये ती बंद झाली. त्या मारलेल्या वाघांचा विचार मनात आला की मला त्या कौशल्याचं कौतुक मोकळेपणी करता येत नाही, पण कौशल्य होतं. आता बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन्यप्राण्यांवर हेच काम करणारं केंद्र आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. तिथे मारलेले प्राणी येत नाहीत, आपल्या मरणानं गेलेले येतात. राजासारखे.

राजाची बगल मी शिवली, आणि तो आजही दारापाशी उभा आहे. टाका दिसतो. मी तो झाकलेला नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर कपाट क्रमांक तीनमधल्या तरसाच्या पोटाची शिवण उसवलेली दिसली. हा तरस माझ्या जन्माआधीचा. चिठ्ठीवर १९५४ एवढंच वाचता येतं, कुणी केला हे नोंदवहीत नाही. इतक्या जुन्या नमुन्याला मी हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय शिवत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्स शहरच्या ज्याँ-बातिस्त बेकर नावाच्या औषधविक्यानं किडीवर उपाय म्हणून आर्सेनिकचा साबण काढला आणि पुढची दोनशे वर्षं जगभरच्या कातड्यांना तो आतून लावला गेला. तरसाच्या आतही असणार असं धरूनच चालायचं.

टेबलावर आडवा घेतला. पोटाच्या एका बाजूला कुणीतरी मध्यंतरी दुरुस्ती केलेली होती. हाताच्या पंजाएवढा पिवळट, काचेसारखा कडक इपॉक्सीचा थर. तो थर शाबूत होता, अगदी काल लावल्यासारखा. फाटलं होतं ते त्याच्या कडेला लागून, एका सरळ रेघेत. आपल्याकडे कातडं दरवर्षी पावसाळ्यात ओल पितं आणि सैल होतं, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा आखडतं. कपाटाच्या आतसुद्धा. साठ-सत्तर पावसाळे त्या तरसानं असे आत-बाहेर श्वास घेतले. जिथे इपॉक्सी होता तिथे कातड्याला हलता येईना, म्हणून ते शेजारी फाटलं. ज्यानं ती दुरुस्ती केली त्याचा हेतू चांगलाच असणार, राजाच्या वेळी माझा होता तितकाच.

शिवणीतून आत बघितलं. लाकडी चौकट, सुतळी, वर पेंढा आणि चिंध्या यांचं बांधलेलं अंग, आणि जिथे कातडं त्यावर बसवलं होतं तिथे काळसर तपकिरी, आरपार दिसणारा एक पातळ पापुद्रा. चिमट्यानं त्याचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा काढून काचेच्या ताटलीत ठेवला आणि कोमट पाण्याचे चार थेंब सोडले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग त्याच्या कडा फुगू लागल्या, मधला भाग धूसर झाला, आणि मास्कमधूनसुद्धा मला तो वास आला. पडवी, तीन दगड, पातेल्यात हळूहळू आटणारं पाणी. आईनं लावून घेतलेलं दार.

माझ्या हातांना थोडा वेळ लागला.

मग मी अण्णांच्या डब्यासारखं केलं. ओल्या कापसाच्या घड्या कोमट करून शिवणीच्या आतल्या बाजूनं, फार ओल्या नाहीत, दहा-दहा मिनिटं. कातडं उचललं गेलं. फाटलं नाही, ओढावं लागलं नाही. सत्तर वर्षांपूर्वी ज्या कुणी ते बसवलं होतं, त्याचा सरस माझ्या बोटांखाली सुटत होता.

इपॉक्सीचा थर मात्र सुटणार नव्हता. तो तसाच ठेवून मी फाटलेल्या रेघेला आतून ठिगळ लावलं, कोझो नावाच्या झाडाच्या सालीतल्या लांब तंतूंच्या जपानी कागदाचं. कागद कापला नाही, ओल्या रेघेवर फाडला, म्हणजे त्याच्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि कातड्याला एका रेघेवर ताण बसत नाही. आणि त्यासाठी खळ लागते ती शुद्ध गव्हाच्या स्टार्चची, ज्यातला चिवटपणा धुऊन काढला आहे अशी. जपानी कारागीर ती कशी करतात हे वाचत होते तेव्हा अर्ध्यावरच मला हसू आलं. गव्हाचं पीठ मळून पाण्यात धुवायचं, चिवटपणा वेगळा काढायचा, पाण्यात खाली बसलेला पांढरा गाळ घ्यायचा. हा तर कुरडयांचा चीक. दर उन्हाळ्यात आईच्या हाताखाली मी तो घोटला आहे. फक्त इथे मीठ आणि हिंग नाही.

घरी जाऊन मूठभर गहू भिजत घातले. चौथ्या दिवशी चीक शिजवला, गार केला, बारीक चाळणीतून दोनदा घासून काढला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टेकवून बघितला. तरसाच्या पोटाला तो नखाएवढ्या ब्रशनं लावला, ठिगळ बसवलं, मधून कडेकडे दाबलं, वर टिपकागद आणि वाळूची छोटी पिशवी. पंखा बंद. रोज सकाळी टकटक. पंधराव्या दिवशी पोटावरून बोट फिरवलं तेव्हा ठिगळ कुठे सुरू होतं ते मलाच कळेना.

शिवण घालण्याआधी एक छोटी चिठ्ठी लिहिली, पेन्सिलीनं, कारण शाई ओल लागली की पसरते. तारीख घातली. खाली लिहिलं, "आतलं ठिगळ जपानी कागदाचं. खळ गव्हाच्या चिकाची. कोमट पाण्याने सुटेल." चिठ्ठी दुमडून लाकडी चौकटीला सुतळीनं बांधली, आणि मग सुई ओवली.